घुमट उतरेपर्यंत

बुवांनी पेटीच्या काळी एक या पट्टीच्या शेजारी आगपेटीची मोडकी काडी खोचली, पट्टी दाबलेली राहिली, मग उजवा हात मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताने नुसता भाता मारत बसले. एकच सूर. पाच मिनिटं झाली, दहा झाली, बुवांचे डोळे मिटलेले. ज्या माणसाला मी लहानपणापासून डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, समोरच्या बुवाला शब्दात पकडताना, गजर चढवताना, घामाने भिजलेल्या सदऱ्यात पहाटेपर्यंत बसलेला बघितलंय, तो माणूस त्या रात्री जवळजवळ पावणेदोन तास एका पट्टीवर बसून राहिला. आणि मी आजवर जे काही ऐकलंय त्यातलं सगळ्यात सुंदर दोन-तीनपैकी एक तेव्हा ऐकलं. चार दिवस झाले, अजून कानातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसलेय.

तर झालं असं, की मैत्रिणीचा मेसेज आला, शनिवारी शिरोड्याला (आमच्या सिंधुदुर्गातलं किनाऱ्यावरचं गाव) ये, एका घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, वाजवणारेत, काय वाजवणारेत ते विचारू नकोस, बाबांना पण आण. बाबांनी चाळीस वर्षं भजनात पखवाज वाजवला, आता हात दुखतो म्हणून गेली तीन-चार वर्षं पखवाज गवसणीत आहे, आणि खरं सांगायचं तर बाबा त्या दिवसापासून कुठे ऐकायलाही जात नाहीत. स्वतः वाजवत नाही तर जाऊन बसू कशाला, असं त्यांचं. पण बुवा आहेत म्हटल्यावर तयार झाले. वाटेत आरवलीला थांबून आईसाठी सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, घेतले, फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा म्हणजे सुरंगीचे ऐन दिवस, स्कूटरच्या हुकाला लटकवलेल्या पिशवीतून सगळा रस्ता वास.

घर वेळागरच्या सुरूच्या बनापासून थोडं आत. जुनं, मांगरासकट, मोठी पडवी, आणि पुढे सारवलेलं खळं, अजून शेणाचा ओला वास येत होता म्हणजे सकाळीच सारवलेलं असणार. स्टेज नाही. माईक नाही, स्पीकर नाही. चार कंदील आणि तुळशीपाशी एक पणती. वाजवणारे मध्ये जमिनीवर आणि आम्ही सगळे त्यांच्या भोवती, म्हाताऱ्यांना खुर्च्या, बाकीच्यांना चटया. साठ-सत्तर माणसं असतील, त्यातली निम्मी शेजारपाजारची, जेवणं लवकर उरकून आलेली, आणि निम्मी पणजी-कोल्हापूर-पुण्याकडून आलेली. मला ही बसायची पद्धत फार आवडली. दशावतारात आपण समोर बसतो, भजनातही बुवा एका बाजूला असतात, इथे माझ्यासमोर व्हायोलिन होतं आणि माझ्या मैत्रिणीसमोर, म्हणजे पलीकडच्या बाजूला, घुमट, हे मातीच्या मडक्याचं वाद्य, आणि नंतर बोलताना कळलं की आम्ही दोघींनी एकाच वेळी दोन वेगळे कार्यक्रम ऐकले होते.

पहिला तुकडा सूर्यास्ताच्या सुमाराला सुरू झाला, समुद्रावरून अजून वारा येत होता. पडवीत एक आजी बसल्या होत्या, मला वाटलं घरातल्याच, बघायला बसल्यात. त्यांच्यापुढे जातं. त्यांनी मूठभर नाचणी घातली आणि दळायला लागल्या, बस. दगडावर दगडाची घरघर, आणि जात्याचं कसं असतं माहितीये ना, एका फेरीत आवाज एकसारखा नसतो, हात आपल्याकडे ओढताना जड आणि पलीकडे ढकलताना हलका, म्हणजे प्रत्येक फेरीला आपोआप एक ताल पडतो. त्यावर पुण्याहून आलेल्या ताईंनी व्हायोलिन लावलं. जात्यावरची जी ओवी असते, तिची चाल किती छोटी असते, तीन-चार सुरांत फिरते, तेवढीच चाल, शब्द नाहीत. आजी म्हणत नव्हत्या, फक्त दळत होत्या. व्हायोलिन ओवीची पहिली ओळ वाजवायचं आणि थांबायचं. परत पहिली ओळ. परत. कितीतरी वेळ दुसरी ओळ आलीच नाही, आणि मी मनात ती दुसरी ओळ स्वतः म्हणायला लागले, माझ्या आजीच्या आवाजात, मी आजीचा आवाज विसरले असं मला वाटत होतं, आजी जाऊन एकोणीस वर्षं झाली.

या तुकड्याबद्दल यापेक्षा जास्त मला लिहिता येणार नाही. वीस मिनिटांचा असेल.

मध्ये चहा झाला, आणि रत्नागिरीहून आलेल्या गिटारवाल्या मुलाने थोडं बोलून दाखवलं की हे संगीत काय आहे, मिनिमलिझम म्हणजे काय, थोडेच सूर घेऊन तेच तेच कसं वाजवत राहतात वगैरे. तो फार मनापासून बोलत होता पण मला वाटतं ते बोलणं नको होतं, निदान एवढं लांब नको होतं, कारण आजींनी दळून दाखवलं होतं तेच तो शब्दांत परत सांगत होता. अर्थात ज्यांनी हा शब्द पहिल्यांदाच ऐकला त्यांना कदाचित उपयोग झाला असेल. मला हा शब्द आधीपासून माहीत होता तो शाळेमुळे. मी प्राथमिक शिक्षिका आहे, चौथीला शिकवते. पाच-सहा वर्षांपूर्वी याच मैत्रिणीने मला स्टीव्ह राईश नावाच्या अमेरिकन संगीतकाराची १९७२ सालची रचना ऐकवली होती, नुसत्या टाळ्यांची. दोन माणसं, बारा मात्रांचा एकच बोल, त्यात आठ टाळ्या आणि चार मोकळ्या जागा. दोघं एकत्र सुरू करतात, मग एकजण आहे तिथेच राहतो आणि दुसरा एक मात्रा पुढे सरकतो, थोडा वेळ तिथे राहतो, परत एक मात्रा सरकतो, असं बारा वेळा सरकलं की दोघं पुन्हा एकावर एक येतात. बोल तोच आहे, कोणी नवीन काहीच वाजवत नाही, पण प्रत्येक सरकण्याला वेगळंच काहीतरी ऐकू येतं, कधी फुगडीसारखं, कधी पावसाच्या पागोळ्यांसारखं.

मी तेव्हा ते मुलांना शिकवायला घेतलं होतं. मला वाटलं महिना लागेल. चार दिवसांत दोन मुलींना जमलं, एक जागेवर आणि एक सरकणारी, न चुकता, आणि मी विचारलं कसं गं मोजता, तर सरकणारी म्हणाली, "बाई, मोजूक नाय, तिचा ऐकूचा नाय, आपला धरून रवाचा." झिम्म्यात, टिपऱ्यांत, शिमग्यात पोरं हेच तर करतात, शेजारच्याच्या गोंधळात आपला ठेका धरून राहतात. मी डी.एड. करताना ताल शिकवण्याबद्दल जेवढं वाचलं होतं त्यापेक्षा त्या नऊ वर्षांच्या पोरीचं ते एक वाक्य मला जास्त उपयोगी पडलंय.

आता त्या दुसऱ्या तुकड्याकडे येते, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

वाजवणारे पाच. बुवा पेटीवर, तो एक सूर धरून. ताईंनी व्हायोलिन खाली ठेवून आधी तंबोरा घेतला, मिरजेचा, चांगला मोठा भोपळा, आणि तो लावून त्यांनी माझ्या मैत्रिणीच्या लेकीच्या हातात दिला, ती गाणं शिकते, तिने शेवटपर्यंत छेडायचा. मग स्वतः व्हायोलिन. गिटारवाला मुलगा गिटार मांडीवर आडवी ठेवून व्हायोलिनच्या गजाने तारा घासत होता. आणि घुमट वाजवायला पेडण्याकडचे एक काका, सत्तरीचे तरी असतील, गळ्यात दोरी अडकवून घुमट पोटाशी धरलेलं. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी, घुमट म्हणजे मातीचं मडकंच, पण दोन तोंडांचं. मोठ्या तोंडावर कातडं, लहान तोंड उघडं. उजव्या हाताने कातड्यावर वाजवायचं आणि डाव्या हाताच्या तळव्याने ते लहान तोंड झाकायचं-उघडायचं, म्हणजे आतल्या हवेला वाट द्यायची नाहीतर कोंडायची, त्यातून तो घुम्म आवाज वर-खाली होतो. पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, वन्यजीव कायद्याने घोरपड मारायला बंदी आहे, आता बकऱ्याचं लावतात. गोव्यात २०१९ मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलंय. आपल्याकडे दक्षिण सिंधुदुर्गातही गणपतीच्या आरतीला घुमट असतंच.

घुमट आठ मात्रांत, आपला भजनी ठेका जसा आठाचा असतो तसाच पण फार मोकळा, मध्ये मध्ये नुसत्या जागा सोडलेल्या. व्हायोलिन सात मात्रांत. सात आणि आठ म्हटल्यावर दोघांची सम, म्हणजे पहिली मात्रा, छप्पन्न मात्रांनी एकदा जुळणार, आणि त्या लयीत छप्पन्न मात्रा म्हणजे साधारण अर्धं मिनिट. सुरुवातीला मला हे कळलं नाही, नुसतं कुठेतरी लंगडतंय असं वाटत होतं. मग बाबांनी मांडीवर बोटं चालवायला सुरुवात केली, उजव्या हाताने सात, डाव्याने आठ, आणि दोन्ही तर्जन्या एकदम पडल्या तेव्हा माझ्याकडे बघितलं. त्यानंतर मी पण वाट बघायला लागले. अर्ध्या मिनिटाने येणारी सम म्हणजे फार लांबची गोष्ट नाही, पण ती वाट बघण्यात काय मजा आहे हे मला सांगताच येणार नाही, भरतीच्या वेळी मोठी लाट येईल म्हणून पाय घट्ट रोवून उभं राहतो तसं, आणि ती आली की सगळं खळं श्वास सोडायचं, कोणी बोललं नाही तरी कळत होतं.

हे असं पाऊण तास.

आणि मग मला वाटलं की काहीतरी बिघडलंय. घुमटाचा आवाज मघासारखा राहिला नव्हता. सुरुवातीला त्याला एक टणक कड होती, ती गेली होती, आणि खालचा घुम्म अजून खाली गेला होता, पेटीच्या सुराशी जो जुळून बसला होता तो आता बसत नव्हता. आणि तंबोरा उलट वर चढत होता. मी आधी माझ्याच कानावर शंका घेतली. पेटी शिकताना, परीक्षा देताना, आम्हाला एकच गोष्ट डोक्यात ठोकून बसवलेली, की आधी सूर लावून घ्या, उतरला तर थांबा, लावा, मग पुढे. बेसूर वाजवण्यासारखं पाप नाही. एका परीक्षेत तंबोरा उतरलेला असताना मी गात राहिले म्हणून परीक्षकांनी मला सगळ्यांसमोर इतकं बोललं होतं की मी वर्षभर गाणं सोडलं होतं. त्यामुळे माझ्या अंगावर काटाच आला, एवढी मोठी माणसं, आणि कोणी थांबत का नाहीये.

मी बाबांच्या कानाशी वाकून म्हटलं, घुमट उतरलंय.

बाबा म्हणाले, "उतारतलाच. दंव पडाक लागला ना. कातडा वलावला काय उतारता, आणि थंडी पडली काय तार चडता. आमका म्हायत आसा तां." मग थोडं थांबून, "पेटी तेवडी थय रवली."

आणि मग मला ते ऐकू यायला लागलं. म्हणजे ते मघापासून चालूच होतं पण आता मला ऐकू यायला लागलं. संध्याकाळी खारा वारा असतो तोवर हवा हलती असते, मग आठ-साडेआठला समुद्राकडचा वारा पडतो, आणि जमिनीकडून मतलई सुटायला अजून अवकाश असतो, त्या मधल्या वेळात हवा अगदी थांबते आणि दहिवर पडायला लागतं. शाळेत आम्ही खारे वारे, मतलई वारे शिकवतो, फळ्यावर बाण काढतो, जमीन लवकर तापते लवकर थंड होते, पाणी उशिरा, हे मी दर वर्षी शिकवते आणि मला कधी वाटलं नव्हतं की ते कानाने ऐकता येतं. घुमटाचं कातडं हवेतलं पाणी पिऊन सैल पडत होतं, म्हणून खाली. तंबोऱ्याच्या पोलादी तारा गार होऊन आक्रसत होत्या, म्हणून वर. आणि पेटीच्या आत पितळेचे सूर, लाकडी पेटीत बंद, त्यांना ना दंवाचं काही ना गारव्याचं फारसं काही, ते होते तिथेच. म्हणजे मध्ये एक खुंटा रोवलेला आणि त्याच्या एका बाजूने कातडं खाली निघालंय, दुसऱ्या बाजूने तार वर निघालीय, इतकं सावकाश, इतकं सावकाश की कुठल्याही एका क्षणी तुम्ही म्हणू शकत नाही की आत्ता बदललं.

आणि ते थांबले नाहीत कारण त्यांना थांबायचं नव्हतंच. हे त्यांचं ठरलेलं होतं. व्हायोलिनवाल्या ताई सात मात्रांचा तोच तुकडा वाजवत होत्या पण कधी पेटीला धरून, कधी चढलेल्या तंबोऱ्याला धरून, कधी घुमटाकडे थोड्या झुकून. तुकडा तोच, सूर मात्र रात्र ठरवत होती.

दोन सूर अगदी जवळजवळ असले पण एक नसले की त्यांच्यात एक डोल येतो, थरथर म्हणा. एक तार सेकंदाला दोनशे वेळा कापतेय आणि दुसरी दोनशे एक वेळा, तर कानाला सेकंदाला एक हेलकावा ऐकू येतो. फरक वाढला की हेलकावे लवकर लवकर. तंबोरा लावताना जोडीच्या दोन तारा जुळवताना आपण हा डोल ऐकत ऐकतच तो घालवतो, डोल थांबला की तारा लागल्या. तो घालवायचा असतो, हे एवढंच मला माहीत होतं. त्या रात्री पेटी आणि तंबोरा यांच्यामध्ये तो डोल जन्माला आला, आधी फार संथ, होडी बांधून ठेवलेली असते आणि खाडीचं पाणी तिला हळूच उचलतं तसा, आणि मग वाढत गेला, आणि एका वेळी तो डोल आणि घुमटाच्या आठ मात्रा एकमेकांत अशा बसल्या की मला खरंच वाटलं सहावं कोणीतरी वाजवतंय. मी मान वर करून बघितलं. कोणी नव्हतं.

इथे मला तंबोऱ्याबद्दल थोडं सांगू दे, कारण घरी आल्यावर मी याच विचारात होते. अमेरिकेत १९६०च्या दशकात ज्या लोकांनी हे एकाच सुरावर, एकाच तुकड्यावर राहणारं संगीत सुरू केलं, त्यातले ला माँट यंग आणि टेरी रायली हे दोघं १९७० पासून पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले. प्राणनाथ किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे शिकलेले. आणि किराणा म्हटलं की आपल्याला मिरज. त्याच घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला राहिले, १९३७ साली गेले, त्यांची मजार मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आहे, तिथे दर वर्षी उरुसाला गाणं होतं. सूर अगदी बारीक लावणं, एका सुरात राहणं, घाई न करणं, हे त्या घराण्याचं. आता रायलीने १९६४ मध्येच त्रेपन्न छोट्या तुकड्यांची 'इन सी' ही प्रसिद्ध रचना केली होती, ज्यात प्रत्येक वाजवणारा आपल्याला वाटेल तितक्या वेळा एक तुकडा वाजवून मग पुढच्यावर जातो, म्हणजे आपल्याकडून शिकून त्यांनी हे केलं असं म्हणणं बरोबर नाही, आणि मला तसं म्हणायचंही नाही. पण त्यांना तहान लागली होती आणि ते पाणी शोधत तंबोऱ्यापाशी येऊन बसले, वर्षानुवर्षं बसले, मांडी घालून, गुरूसमोर. याचं मला फार अप्रूप वाटतं.

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली जो बारीक दोरा सरकवतात, ज्याने जवारी उघडते आणि तार नुसती वाजायच्या ऐवजी झंकारायला लागते, त्या दोऱ्याला जीव म्हणतात. मिरजेच्या कारागिरांची काय भाषा आहे बघा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, ते चांगलंच झालं, पण मला वाटतं हा एक शब्द त्याच्याहून मोठा आहे. त्या लेकीच्या मांडीवरचा तंबोरा चढत गेला तरी त्याचा जीव हलला नाही, झंकार शेवटपर्यंत तसाच.

सगळ्यांना आवडलं असं नाही. नऊच्या सुमाराला आठ-दहा जण उठून गेले, चपला शोधताना मोबाईलचे टॉर्च, आणि एकाने जाता जाता बऱ्यापैकी मोठ्याने म्हटलं की ह्यांचं सुरूच होत नाहीये. मला राग नाही आला. हे ऐकणाऱ्याकडून खूप काही मागणारं संगीत आहे, आणि प्रत्येकाकडे त्या रात्री ते द्यायला असेलच असं नाही. मला स्वतःला गिटार मध्ये मध्ये जास्त वाटलं. गजाने घासलेल्या तारेचा आवाज फार चमकतो, तो आला की कान तिकडेच जातो, आणि ज्या रचनेत सगळं इतकं सावकाश हलतंय तिथे एका माणसाने दर पाच मिनिटांनी काहीतरी नवीन करू नये असं मला वाटतं. शेवटच्या वीस मिनिटांत त्याने गज खाली ठेवला आणि नुसता बसून राहिला. माझ्या मते त्याचं त्या रात्रीचं सगळ्यात चांगलं वाजवणं तेच.

कारण तेव्हा वारा पूर्ण पडला होता. सुरूचं बन इतका वेळ सूं सूं करत होतं ते थांबलं, आणि ते थांबल्यावर कळलं की मागे समुद्र आहे. लांब कुठेतरी एक ट्रॉलर चालला होता, त्याचं इंजिन ठक ठक ठक, तेही आत आलं. मागच्या चटईवर एक बाळ आईच्या मांडीवर झोपेत चोखत होतं, ते पण ऐकू येत होतं. घुमट आता इतकं उतरलं होतं की त्याचा सूर राहिलाच नव्हता, ओल्या वाळूवर तळवा आपटावा तसा आवाज, धप, धप, आणि काका अजिबात जोर लावत नव्हते, उलट हात हलका हलका करत चालले होते. आठ मात्रांतल्या चारच वाजवायला लागले. मग दोन. छप्पन्न मात्रांची सम अजून येत होती, तिथे मात्र हात पडायचा. मग एकदा सम आली आणि त्यांचा हात कातड्यावर पडला पण आवाज आला नाही, नुसता स्पर्श झाला, मी समोर नव्हते पण बाजूने मला दिसलं, आणि काकांनी हात तिथेच ठेवला. व्हायोलिन थांबलं. तंबोरा थांबला. बुवांचा भाता मात्र भरलेला होता, तो मिटेपर्यंत पेटी बोलत राहिली, आणि सूर शेवटी शेवटी बारीक होत होत संपला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बराच वेळ. कोल्हे ओरडले, मांगराच्या मागच्या बाजूला.

बाबांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं, मला कळलंच नव्हतं कधी धरलं ते.

नंतर जेवण होतं, पेज आणि कुळथाची पिठी आणि सुका बांगडा, पडवीत पंगत. वाढणाऱ्या काकी म्हणत होत्या की आमच्या खळ्यात पूर्वी दशावताराची रंगीत तालीम व्हायची, आता पोरं मुंबईला, खळं नुसतं सारवायचं आणि बघत बसायचं, बरं झालं हे लोक आले. बाबा आणि बुवा शेजारी बसले होते, दोघं काहीच बोलत नव्हते, मधेच बाबांनी विचारलं, हात दुखला नाय? बुवा म्हणाले, "हात नाय दुखलो, मन दुखला. बोटां सारकी जाय जाय करी होती." मग दोघं परत गप्प जेवायला लागले.

मी काकांना शोधत मागच्या अंगणात गेले. तिथे पाणी तापवायच्या चुलीत निखारे होते, काका उकिडवे बसून घुमट निखाऱ्यांवर धरून फिरवत होते, कातड्याची बाजू खाली, फार जवळ नाही. शिमग्यात ढोल होळीच्या आगीवर तापवतात तसंच. मी विचारलं, काका, थांबायचं कधी हे ठरलेलं असतं का? किती वेळा वाजवायचं वगैरे?

"घुमट सांगता," ते म्हणाले. "त्याचो आवाज गेलो काय आमी गेलों."

मग त्यांनी घुमट वर घेऊन एक थाप मारली. धप. परत निखाऱ्यांवर. परत थाप, आता थोडा सूर आलेला. मी चुलीपाशी टेकले. परत धरलं, परत थाप. आणि माझ्या लक्षात आलं की मी तेच सगळं उलटं ऐकतेय, पावणेदोन तासांत जेवढं उतरलं तेवढं आता वर येत होतं, दर थापेला एकेक पायरी, ही मघा वारा पडल्यानंतरची, ही ते लोक उठून गेले तेव्हाची, ही बाबांनी मला दंवाचं सांगितलं तेव्हाची. तीन-चार मिनिटांत सगळी संध्याकाळ परत. शेवटी तो टणक, कडेला धार असलेला आवाज आला, पहिला, आणि काकांनी कान जवळ नेऊन अजून एकदा बारीक वाजवून बघितलं.

जमिनीकडून गार वारा यायला लागला होता. चुलीवरची राख थोडी उडाली. आतून बुवांनी पेटी ओढल्याचा आवाज आला, काडी काढली असणार कारण पहिलेच सूर भराभर आले, आणि पडवीतून कोणीतरी ओरडलं, काका, या लवकर, आरती घेतो. काका गुडघ्यावर हात टेकून उठले. मी पण उठले. पडवीच्या पायरीवर बाबा बसले होते, त्यांच्या हातात कुणीतरी झांज दिली होती.